मदत हवी आहे: स्वतःलाच कापणारा आरएनए एन्झाइम कसा?

नमस्कार मंडळी. घाटकोपरला बारावीच्या क्लासमध्ये बायो शिकवते. काल रायबोझाइमवर, म्हणजे एन्झाइमचं काम करणाऱ्या आरएनएवर, गाडी अडकली. टेट्राहायमेना या एकपेशीय जिवाच्या आरएनएमधला इंट्रॉन (मधला, काढून टाकायचा तुकडा) प्रथिनाशिवाय आपणहून सुटतो, हे थॉमस चेक यांनी 1982 मध्ये दाखवलं. मी जुन्या प्रश्नपत्रिकेची पट्टी फाडली, मधला भाग काढला, उरलेली टोकं चिकटवली. मुलं खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरून, "मॅडम, कात्री कापड कापून कात्रीच राहते. हा स्वतःलाच कापून मोकळा. मग एन्झाइम कसला?"

"उद्या सांगते" म्हणून सुटका करून घेतली. उद्या म्हणजे आज साडेसहाला! शिवाय प्रथिनांकडे वीस अमिनो आम्लं, आरएनएकडे चारच अक्षरं. कात्रीला पाती येतात कुठून? गाइडात एका ओळीत उरकलंय.

बोरिवली_स्लो: पोरगं बरोबर बोलतंय. एन्झाइम स्वतः न बदलता पुन्हा पुन्हा काम करतो, या काटेकोर व्याख्येनं तो इंट्रॉन एन्झाइम नाहीच. खरी कात्री आरनेज पी, आरएनए आणि प्रथिन मिळून बनलेला एन्झाइम. जिवाणूंमध्ये तो टीआरएनएच्या (अमिनो आम्लं वाहून आणणाऱ्या आरएनएच्या) सुरुवातीचा जादा तुकडा छाटतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो. भरपूर मॅग्नेशियम असेल तर त्यातला आरएनए एकटाच हे करतो, हे 1983 मध्ये सिडनी ऑल्टमन आणि नॉर्मन पेस यांच्या गटांनी दाखवलं. नंतर चेक यांनीही इंट्रॉन थोडा आखूड करून त्याच्याकडून दुसरे आरएनए कापून घेतले. 1989 चं रसायनशास्त्राचं नोबेल चेक आणि ऑल्टमन यांना मिळालं.

पाती म्हणाल तर, आरएनए स्वतःशीच जोड्या जुळवत दुमडतो आणि खोबण तयार होते. टेट्राहायमेनात त्या खोबणीत एक सुटा ग्वानोसिन (आरएनएच्या चार अक्षरांपैकी जी) येऊन बसतो. त्याचा ओएच गट पहिला सांधा तोडतो, मग मोकळं झालेलं टोक दुसरा. एक बंध तुटताना दुसरा जुळतो, म्हणून एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं इंधन, लागत नाही. आरएनएमधल्या फॉस्फेटचा ऋण प्रभार मॅग्नेशियम सांभाळतं. तुमच्या पट्टीत ग्वानोसिनच राहिला की!

दादरचा_डबा: रायबोसोमही सांगा, पेशीतलं प्रथिनं बांधणारं यंत्र. 2000 मध्ये त्याची बारीक रचना दिसली, तर अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध जुळतो तिथे नुसता आरएनए. आपली प्रथिनं बांधणारा गवंडीच आरएनए निघाला.

प्रश्नकर्ती: वाचले, वाचवलंत! ग्वानोसिन म्हणून टाचणी लावते. पण शेवटी ती राहते कुणाकडे?

बोरिवली_स्लो: इंट्रॉनकडे, त्याच्या सुरुवातीच्या टोकाला. जोडलेल्या पट्टीत टाचणी दिसली तर चुकलं समजा.