विहिरीतून निघालेले स्फटिक कसे ओळखायचे, कसे जपायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सिडकोत राहतो. मे महिन्यात सिन्नर तालुक्यात मामांच्या मळ्यातली विहीर खोल करायला घेतली. सुरुंगानंतर वर आलेल्या काळ्या दगडात मुठीएवढ्या पोकळ्या होत्या आणि आत लखलखणारे खडे. यारीवाला म्हणाला, "गारगोट्या आहेत, द्या टाकून." पण माझी सहावीतली लेक तिथून हलेना. अर्धं पोतं घरी आलं आणि तेव्हापासून आम्हा दोघांना याचाच नाद लागलाय.

एक खडा फिकट केशरी आहे, मधोमध आवळून बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखा, दोन्ही टोकांना फुललेला. दुसरा काचेसारखा स्वच्छ आणि चौकोनी. टोक जिथे सपाट आहे तिथे मोत्याची झाक दिसते.

दोन चुकाही झाल्या. माती निघावी म्हणून एक पिवळसर खडा व्हिनेगरमध्ये ठेवला, तर बुडबुडे आले आणि त्याची चकाकीच गेली. लेक रडली. शिवाय खिडकीत उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कांड्या महिन्याभरात पिठासारख्या भुगा झाल्या. असं का झालं? आणि संग्रह नीट वाढवायचा तर सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद

पेंढी म्हणजे स्टिल्बाइट. चौकोनी तो अपोफिलाइट. बुडबुडे आले म्हणजे तो कॅल्साइट होता. आम्लात तो विरघळतो. स्टिल्बाइट ज्या खनिजगटात येतो त्या झिओलाइटांनाही आम्ल सोसत नाही, त्यामुळे व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यातलं काहीच नको. साधं पाणी, जुना मऊ टूथब्रश, आणि सावलीत वाळवणं. सुयांसारखे किंवा कापसाच्या बोंडासारखे खडे असतील तर ब्रशही लावू नका.

भुगा झाला तो बहुधा लॉमोन्टाइट. झिओलाइटांच्या रचनेतच पाणी असतं, आणि लॉमोन्टाइटमधलं कोरड्या हवेत निघून जातं. उरलेल्या कांड्या घट्ट झाकणाच्या डबीत, उन्हापासून लांब ठेवा.

आपल्याकडचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या झाल्या, पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी त्यात झिरपलं आणि हे खडे वाढले. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय लेकीला जरूर दाखवा, नावं आणि आकार डोळ्यांत बसतात. पांडवलेणीचा परिसर अशा खनिजांसाठी जुना प्रसिद्ध आहे, पण लेणी संरक्षित आहेत, तिथल्या कातळाला हातोडी लावायची नाही.

पण सगळ्यात आधी मामांना फोन करा. खडा कुठल्या गावचा, किती फुटांवर लागला, कधी निघाला, हे लिहिलेलं नसेल तर उत्तम नमुनाही नुसता शोभेचा दगड होतो. खड्याच्या मागच्या बाजूला पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, त्यावर बारीक पेनाने क्रमांक लिहा आणि तोच क्रमांक वहीत. मिठाईच्या बॉक्समध्ये टिश्यू पेपर अंथरा; कापूस सुयांमध्ये अडकतो. विकत घ्यायची घाई करू नका. एकाच विहिरीचा पूर्ण संच दुकानातल्या पन्नास सुट्या खड्यांपेक्षा मोलाचा.

धागाकर्ता

मनापासून आभार. मामांशी बोललो. पेंढीवाले ४० फुटांच्या आसपास लागले, चौकोनी त्याच्याही खाली. कडेला टाकलेला ढीग अजून तसाच आहे, कुणी नेऊ नये म्हणून त्यांनी वर ताडपत्री टाकलीय. लेकीने वहीच्या पहिल्या पानावर क्रमांक १ लिहिलाय : चकाकी गेलेला कॅल्साइट.