जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर घेताना : तुमचे अनुभव लिहा

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंकेतून व्हीएचएसच्या नऊ कॅसेटी निघाल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास, पाठीवरच्या पट्ट्यांवर बाबांचं अक्षर : 'मुंज', 'महाबळेश्वर', 'इतर'. कॅसेट चालवायचा व्हीसीआर कधीच भंगारात गेलाय. आता मिळाला तरी जुनाच मिळणार, कारण जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि बनवणाऱ्यांत तीच शेवटची उरली होती. दोन दुकानांत दर विचारले तर तिपटीचा फरक, आणि जास्त कशाचे तेही कोणी धड सांगेना. ज्यांनी हे केलंय त्यांनी जरूर लिहा. घरी केलंत की बाहेर, काय बिघडलं, आणि मुख्य म्हणजे आत काय निघालं?

डोंबिवली

दुकानात देणार असाल तर डीव्हीडी घेऊ नका, फाइल मागा. आमची तीन तासांची कॅसेट त्यांनी एकाच डीव्हीडीत कोंबली, सगळे चेहरे साबण लावल्यासारखे. वर चौकोनी चित्र रुंद टीव्हीच्या मापाला ताणलं. एरवी काडीसारखे असणारे आमचे मामा त्यात पहिलवान दिसतात. मामा खूश आहेत, पण ते सोडा.

सातारा

माझ्या १९९४ च्या लग्नाची गोष्ट. आमच्या आत्याने स्वतः मंगलाष्टकं रचली होती आणि स्वतःच म्हटली होती. मला त्यातलं अक्षर आठवत नव्हतं, अंतरपाटाआड काय आठवणार! कॅसेट आहे की, म्हणून इतकी वर्षं निर्धास्त होते. मागच्या वर्षी मुलाने ती संगणकावर घेतली. हृदयाच्या आकारातून माझं तोंड बाहेर येतं, आम्ही दोघं दल सरोवरावर गोल गोल फिरतो (काश्मीर आम्ही अजून पाहिलेलं नाही), आणि नेमकं मंगलाष्टकांवर सिनेमाचं गाणं! तेव्हाचं मिक्सिंग म्हणजे मूळ आवाज काढायचा आणि गाणी भरायची. मला रडूच आलं.

मग मुलगा म्हणाला, पट्टी नसलेली एक कॅसेट आहे, ती काय आहे? ती निघाली शूटिंगची मूळ कॅसेट. व्हिडिओवाल्याने मिक्सिंग झाल्यावर सगळं गठ्ठ्यानेच परत दिलं असणार. चित्र हलतंय, मध्येच दोन मिनिटं नुसती पंगतीतली केळीची पानं. पण आत्या आहे! सासरच्यांची सगळी नावं तिने शार्दूलविक्रीडितात बसवली होती, फक्त आमच्या मामंजींचं नाव काही वृत्तात मावेना. ते तिने असं काही ताणलं, की अंतरपाट धरणारे दोघे हसायला लागले आणि पाट खाली आला. मागून कोणीतरी ओरडतंय, "अक्षता संपल्या इकडे!"

तेव्हा सुबक मिक्सिंगवाली एकच कॅसेट घेऊन बाकीच्या टाकू नका. पट्टी नसलेली आधी बघा.

कोल्हापूर

वरच्या ताईंनी ज्याला नावं ठेवली तो व्हिडिओवाला मीच म्हणा. साताऱ्याचा नव्हे, पण आम्ही सगळे तेच करायचो, आणि दल सरोवर गिऱ्हाईकं मागून घ्यायची. खांद्यावर पॅनासॉनिकचा एम-९०००, बरोबर सनगन, म्हणजे शूटिंगचा झगझगीत दिवा, धरायला एक पोरगा. आता हेच ट्रान्सफरचं काम करतो, म्हणून चार गोष्टी सांगतो.

कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. तशी कॅसेट मशीनला दाखवूसुद्धा नका. ती हेडवर, म्हणजे मशीनमधल्या फिरत्या ड्रमवरच्या टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. कोकण-मुंबईच्या दमट हवेतल्या कॅसेटींत हे फार. कॅसेट स्वच्छ असेल तर आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी चिकटलेली टेप सुटते. हेड साफ करायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय (मऊ चामडं), हात ड्रम फिरतो त्या दिशेनेच आडवा. उभा घासलात की हेड तुटलंच.

दराचं म्हणाल तर तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, ती घाईने चालवता येत नाही. व्हीसीआर संगणकाला जोडणारा स्वस्तातला यूएसबी डोंगल वाईट नाही, पण टेप खराब असेल तिथे त्याच्या फ्रेम (एकेक चित्र) गळतात आणि तासाभराने ओठ आणि आवाज यांची फारकत होते. आम्ही मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे हलणारं चित्र स्थिर करणारं यंत्र, लावतो, जास्तीचे पैसे त्याचे. आणि मिनी डीव्ही, म्हणजे नंतरच्या कॅमेऱ्यांतली छोटी कॅसेट, असेल तर पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीच्या वाटेला जाऊच नका. त्यात माहिती मुळातच डिजिटल आहे, फायरवायर नावाच्या केबलने संगणकावर जशीच्या तशी उतरते. तासाला साधारण १३ जीबी.

न्यू जर्सी

पुण्याहून आलेली बहिणीच्या लग्नाची कॅसेट इथल्या दुकानाने 'कोरी आहे' म्हणून परत केली. मी फेकणार होतो. बायको म्हणाली, थांब, टीव्हीच्या चित्राच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या, अमेरिकेत एनटीएससी चालतं, ती कॅसेट भारतातल्या पाल पद्धतीतली असणार. भारतात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं, इथे ५२५ आणि जवळजवळ ३०. मित्राच्या तळघरात दोन्ही चालवणारा व्हीसीआर सापडला आणि कोऱ्या कॅसेटमधून अख्खं वऱ्हाड बाहेर आलं. देण्याआधी विचारा, पाल चालतं का.

नाशिक

आमच्याकडे कॅसेटची मागची प्लॅस्टिकची टिकली मोडायची राहिली होती. ती मोडली की वर रेकॉर्डिंग होत नाही. काकांनी माझ्या बारशावर क्रिकेटचा सामना टेप केला. पाळण्यात घालतात, कोणीतरी कानात कुर्र करायला वाकतं, आणि थेट नाणेफेक. सामनाही आपण हरलोय.

बदलापूर

२६ जुलै २००५ ला आमचं तळमजल्याचं घर पाण्यात होतं. कॅसेटी भिजल्या, बाबांनी त्या गच्चीत कडक उन्हात वाळवल्या. तिथेच चुकलं, कवच वाकलं आणि आत चिखल सुकून बसला. एक मात्र कपाटात तशीच ओली राहिली होती, तिची टेप नंतर एकाने शुद्ध पाण्याने धुऊन सावलीत वाळवली. मागचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवली. वीस मिनिटं मिळाली. आजोबा पेन्शनच्या रांगेचं वर्णन करतायत, बाकी काही नाही.

मूळ धागा लिहिणारा

सगळ्यांचे आभार. कोल्हापूरच्या दादांचं वाचून आधी नऊही खिडक्या टॉर्चने पाहिल्या. दोनांत बुरशी, त्या बाजूला काढल्या. सहा झाल्या. 'इतर' मध्ये बाबांनी नवीन कॅमेरा समजून घेताना घेतलेला स्वयंपाकघरातला अर्धा तास आहे, आई सारखी "बंद करा ते" म्हणतेय.

नववीचं कोडं आहे. पट्टीवर 'मुंज', अक्षर बाबांचंच, पण मुंज माझी नाही. कॅसेटी तेव्हा शेजारीपाजारी बघायला जायच्या, त्यात अदलाबदल झाली असावी. केळीच्या खुंटांचा मांडव, बटूच्या कानात भिकबाळी, मागे हिरवी लूना, आणि मातृभोजनाला बटू लाडू खायला चक्क नकार देतोय. आई म्हणते, चाळीतलंच कोणीतरी. चाळ आता नाही. माझी मुंज बहुतेक त्यांच्या माळ्यावर असेल. त्यांची फाइल करून ठेवली आहे.