मोर्चा धरायचा की काढायचा?

प्रश्न : डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की नागपुरात 'मोर्चा' शब्द दिवसातून शंभरदा कानी पडतो. काल टीव्हीवर एक पुढारी म्हणाले, "मोर्चा काढणार!" कामठीच्या गार्ड्स सेंटरात आयुष्य गेलेले काका शेजारी बसले होते, म्हणाले, "मोर्चा काढत नाहीत बाप्पा, मोर्चा धरतात." खरं काय?

उत्तर : काका बरोबर आहेत. शब्द फारसीतून आलेला, आणि फौजेचाच. तोफा-बंदुकांसाठी केलेली आडोशाची जागा म्हणजे मोर्चा. जुन्या कागदांत किल्ल्याला मोर्चे 'लावतात'. मोर्चेबांधणीही तिथलीच, आता ती फक्त तिकीटवाटपाच्या हंगामात होते! फौजेच्या हिंदीत मोर्चा अजून जागेवरच आहे. मराठीत त्याला पाय फुटले.

आणखी एक वाचक : मला यात मोठा फरक दिसतो. शिपायाचा शब्द जागा सांगतो, पुढाऱ्याचा शब्द परिणाम बघून निवडलेला असतो. १३ सप्टेंबर १९४८ला फौज हैदराबाद संस्थानात शिरली. फौजेच्या कागदावर ते 'ऑपरेशन पोलो'. दिल्लीच्या तोंडी 'पोलीस अ‍ॅक्शन', कारण युद्ध म्हटलं तर निजामाचं राज्य वेगळा देश ठरतं. रणगाडे होते, पण नाव पोलिसांचं! मराठवाड्यात १७ सप्टेंबरला 'मुक्तिसंग्राम दिन' पाळतात, तो तिसराच शब्द. आमची आजी मात्र 'पोलीस अ‍ॅक्शन'च म्हणायची, तेही एका दमात, 'पोलिसॅक्शन'.

उत्तर देणारा पुन्हा : भौ, लांब कशाला जाता? आपली सीताबर्डीची टेकडी घ्या. २६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेनं इंग्रजांवर हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लढाई चालली. हरल्यावर आप्पासाहेबांनी कळवलं, हल्ला आपल्या हुकमानं झालाच नाही. त्यांच्या फौजेतल्या भाडोत्री अरब शिपायांनी जीव खर्चला त्या लढाईला धन्यानं आपलं म्हटलं नाही. आज वर किल्ल्यात प्रादेशिक सेना आहे आणि खाली टेकडी रोडवर पोलीस मोर्चे अडवतात. दोन्ही अर्थ एकाच टेकडीला.

प्रश्नकर्ता : काकांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "टेकडी रोडच्या मोर्चात पुढच्या रांगेत कोण असते?"
पुढारी, म्हटलं. फोटोसाठी.
काका काही बोलले नाहीत. चहा मागितला.