फझ फेस: एसी१२८ ऐवजी काय?

प्रश्न: फझ फेस या गिटारचा सूर खरखरीत करणाऱ्या पेडलचं, पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टरवालं सर्किट बांधतोय. त्यातला एसी१२८ ट्रान्झिस्टर मिळेना. बीसी५४७ थेट बसेल का?

उत्तर: नाही, तो एनपीएन, म्हणजे पीएनपीच्या उलट ध्रुवतेचा. बॅटरी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटे करत बसण्यापेक्षा बीसी५५७ए हा सिलिकॉनचा पीएनपी घ्या. सपाट बाजू समोर धरली की पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

दुसरं उत्तर: शिवाय दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरच्या ८.२ केच्या रेझिस्टरच्या जागी २० केचा प्रीसेट (स्क्रूने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावा. तिथे उणे साडेचार व्होल्टच्या आसपास आणा, नाहीतर सूर खरखरत तुटतो. सिलिकॉनचा गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) जास्त, मध्येच रेडिओ वाजायला लागतो! पहिल्याच्या कलेक्टर-बेसमध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाका.

आणखी एक: जुने जर्मेनियम मिळालेच तर मल्टिमीटरच्या एचएफईवर (गेनच्या आकड्यावर) भरवसा नको. गळतीचा करंटही त्यात धरला जातो, आणि बोटांच्या उबेनेसुद्धा आकडा चढतो.