'फ्रेइ नेडरलांट' साप्ताहिकाच्या संपादक-लेखकांवर मराठीत नोंदी: जुने अंक कसे शोधायचे, नावं कशी लिहायची?

प्रश्न
नेदरलँड्सच्या 'फ्रेइ नेडरलांट' या एकेकाळच्या मतसाप्ताहिकाशी (आता ते मासिक आहे) संबंधित लोकांवर मराठी विकिपीडियासाठी नोंदी करायच्या आहेत. सुरुवात संपादक हेंक फान रांडवेइक यांच्यापासून. 'डेल्फर' या जुन्या डच वृत्तपत्रांच्या ऑनलाइन संग्रहात नाव टाकलं की फारच थोडं सापडतं, आणि 'इंडिया'बद्दलचे लेख भलत्याच विषयाचे निघतात. चुकतंय कुठे?

उत्तर १
पहिली चूक 'इंडिया'ची. त्या काळच्या डच मजकुरात 'इंडिये' म्हणजे डच वसाहत, आजचा इंडोनेशिया. आपल्या देशासाठी 'ब्रिट्स-इंडिये' किंवा 'फोर-इंडिये' हे शब्द शोधा. १९४७ पूर्वीच्या शुद्धलेखनात 'ब्रिट्स'च्या शेवटी 'सीएच' असतं, तेही टंकून बघा.

दुसरी चूक नावाची. 'रांडवेइक'च्या डच स्पेलिंगमधली 'आय' आणि 'जे' ही जोडी स्कॅन वाचणाऱ्या यंत्राला बऱ्याचदा 'वाय' दिसते. त्या जागी तारांकन टाका, किंवा दोन्ही रूपं वेगवेगळी शोधा. तरीही १९४०–४५ च्या अंकांत नाव मिळेल ही आशा धरू नका. देश जर्मन कब्ज्यात असताना गुपचूप निघणारा तो भूमिगत अंक होता, लिहिणारे सही करत नसत, आणि चक्रमुद्रित पानांवरची फिकट अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत. तिथे तारखेची मर्यादा घालून पानं डोळ्यांनीच चाळायची. पहिला अंक ३१ ऑगस्ट १९४० चा, राणी विल्हेल्मिना यांच्या वाढदिवसाचा.

उत्तर २
एक मोठा सापळा राहिला. युद्धकाळात लंडनहूनही याच नावाचं साप्ताहिक निघत होतं. त्याचे संपादक मार्कस फान ब्लांकेनस्टेइन. ते उघडपणे छापलं जाई, त्यामुळे त्यात नावं सापडतात आणि घोटाळा होतो. संदर्भ देताना प्रकाशनस्थळ लिहाच, नाहीतर लंडनचा लेख भूमिगत गटाच्या नावावर जमा होईल.

यादीत 'फान' धरून क्रम लावू नका. डच पद्धतीत 'फान रांडवेइक' हे नाव 'र'खाली येतं. बेल्जियममध्ये मात्र 'फान'सकट लावतात.

टोपणनावांची पुनर्निर्देशनं (टोपणनाव टाकलं तरी खऱ्या नावाच्या पानावर नेणारे दुवे) आधीच करून ठेवा. मुलाखतकार 'बिबेब' म्हणजे एलिझाबेथ मारिया लांपे-साउटबेर्ख, आणि 'टामार' या नावाने स्तंभ लिहिणाऱ्या रेनाटे रुबिनस्टाइन. टोपणनावाचं आणि खऱ्या नावाचं अशी स्वतंत्र पानं झाली की एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होतात आणि नंतर विलीन करताना हाल होतात.

उत्तर ३
उच्चाराबद्दल: शब्दाच्या शेवटचा 'ड' डचमध्ये 'ट' होतो, म्हणून 'नेडरलांट' बरोबर. त्याच न्यायाने 'रांटवेइक' जास्त जवळचं. 'व्हॅन' हे रूप मराठीत रुळलंय, तेव्हा 'व्हॅन रँडविक' असं पुनर्निर्देशन ठेवा, शोधणारा तेच टंकेल.

नोंदीत २६ जुलै १९४७ चा अंक वगळू नका. इंडोनेशियातल्या जावा-सुमात्रावर डच फौजांची कारवाई सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. फान रांटवेइकांनी 'मी डच आहे म्हणून' अशा अर्थाचा मथळा देऊन तिला विरोध केला. जर्मन कब्जाविरुद्ध लढलेला माणूस स्वतःच्या देशाने केलेल्या कब्जाविरुद्ध लगेच उभा राहतो, त्यांच्या चरित्राचा कणा हाच. भारताशी खरा धागाही इथेच जुळतो: ३० जुलैला भारत आणि ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला आणि १ ऑगस्टला परिषदेने युद्धबंदीचं आवाहन केलं. या तारखा एकाच परिच्छेदात द्या. वेगवेगळ्या विभागांत टाकल्या तर अग्रलेख कारवाईच्या ऐन आठवड्यात आला होता, हे वाचकाच्या ध्यानात येत नाही.