मदत हवी आहे : मस्कतच्या नोकरीसाठी पोलीस क्लिअरन्स, पासपोर्टवर मये, राहणे पर्वरीला

मयेकर
मस्कतच्या एका हॉटेलात किचनमध्ये नोकरी ठरली आहे. ऑफर लेटर आले, पण त्यात एवढेच लिहिलेय : पोलीस क्लिअरन्स अपोस्टिल (कागद खरा असल्याचे परदेशासाठीचे सरकारी प्रमाणपत्र) करून आणा. पासपोर्टवर डिचोली तालुक्यातल्या मये गावच्या घराचा पत्ता आहे आणि गेले आठ महिने मी पर्वरीला भाड्याने राहतोय. कुणी म्हणतो डिचोली ठाण्यात जा, कुणी म्हणतो पर्वरी, कुणी म्हणतो पणजी. नेमके कुठून सुरू करू?

कागदवाला
तिन्ही सांगणारे अर्धेअर्धे बरोबर आहेत. दाखले दोन प्रकारचे असतात. गोव्यातल्याच नोकरीला, समजा वेर्ण्याच्या कारखान्यात, चारित्र्य दाखला मागतात तो पोलिसांकडून घ्यायचा. परदेशी नोकरीला लागते ती पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, आणि ती पासपोर्ट ऑफिस देते. तुम्हाला दुसरी हवी. ठाण्यातून आणलेला दाखला मस्कतवाले परत पाठवतील.

पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवर नाव नोंदवा, ऑफिस पणजी निवडा, पीसीसीचा फॉर्म भरा. देश विचारतो तिथे ओमान. हे नीट बघा, कारण दाखल्यावर देशाचे नाव छापून येते. उद्या ओमानऐवजी कतारला जायचे ठरले तर नवा अर्ज आणि नवे पैसे. फी 500 रुपये, ऑनलाइन भरायची, मग अपॉइंटमेंटची तारीख मिळते. सप्टेंबर 2022 पासून टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रांतही पीसीसीचे अर्ज घेतात, तेव्हा पणजीची तारीख लांबची दिसली तर तिकडे बघा.

जाताना मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या झेरॉक्स, त्यावर तुमची सही. ऑफर लेटर किंवा करार, त्याचीही सही केलेली प्रत. आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा, मूळ आणि झेरॉक्स. आत ए, बी, सी असे तीन काउंटर. ए वर फोटो आणि कागद स्कॅन होतात, बी वर तपासणी, सी वर निर्णय.

पोलिसांचा आधीचा अहवाल सिस्टममध्ये स्वच्छ असेल आणि पत्ता तोच असेल तर कधीकधी त्याच दिवशी पीसीसी हातात मिळते. तुमचा पत्ता बदललाय, म्हणजे ती आशा सोडा.

वाड्यावरचा
पत्त्यावरच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून थोडे सविस्तर.

'पासपोर्टवर मये आहे तर मयेच लिहू, आई घरी असते' हा मोह टाळा. शिपाई मयेला जातो, तुम्ही नाही, शेजारी प्रामाणिकपणे सांगतात, 'तो पर्वरीला असतो हो.' झाले, अहवालात 'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही'. गुन्हा काही नाही, तरी फाइल अडकते. सध्याचा पत्ता म्हणून पर्वरीच लिहा, कधीपासून राहता तेही खरे लिहा. वर्ष झालेले नाही, म्हणून मयेचाही पत्ता द्या. चौकशी दोन्ही ठाण्यांत होऊ शकते, तेवढे दिवस हातात ठेवा.

पुरावा काय देणार? स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा भाडेकरार चालत नाही. निबंधकाकडे नोंदवलेला करार चालतो. सोपा उपाय म्हणजे आधारवर आधी पर्वरीचा पत्ता करून घ्या, मगच अर्ज भरा. घरमालकाने ठाण्यात भाडेकरूचा फॉर्म दिलाय का तेही विचारा. दिला नसेल तर पडताळणीला येणारा शिपाई पहिला प्रश्न तोच विचारतो.

आणि स्पेलिंग. आपल्याकडची ही खास डोकेदुखी. गावाचे इंग्रजी नाव एका कागदावर वाय घालून, दुसऱ्यावर वायशिवाय. आडनाव 'नाईक' पासपोर्टवर के ने संपते आणि जुन्या पोर्तुगीज वळणाच्या जन्मदाखल्यावर क्यू घालून. गावाच्या नावाचा फरक बोलून निभावतो, आडनावाचा नाही. पासपोर्ट, आधार आणि ऑफर लेटर यांवर अक्षरन् अक्षर एकच हवे. ऑफर लेटरमध्येच चूक असेल तर कंपनीकडून दुरुस्त करून घेणे सर्वांत स्वस्त.

बार्देसकर
मधेच विचारतो. 2021 चा अपघाताचा गुन्हा नोंद आहे, भारतीय दंड संहितेच्या कलम 279 चा (बेदरकार गाडी चालवणे). समोरच्याला किरकोळ लागले होते. कोर्टात अजून लटकलाय. पीसीसी मिळेल?

कागदवाला
आधी हे बघा की गुन्हा आहे की नुसते चलन. हेल्मेट, सिग्नलचे चलन भरले असेल तर तो विषय इथे येत नाही. 279 मात्र फौजदारी गुन्हा आहे (1 जुलै 2024 नंतरच्या घटनांना तोच नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 281), आणि तो ठाण्याच्या नोंदीत दिसणारच. खटला चालू असताना स्वच्छ अहवालाची अपेक्षा धरू नका. फॉर्ममध्ये 'खटला प्रलंबित आहे का' याला 'नाही' लिहू नका. माहिती लपवणे हा पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली वेगळा गुन्हा होतो, म्हणजे एकाचे दोन.

वकिलाला दोन गोष्टी विचारा : खटला लवकर निकाली काढता येईल का, आणि तोपर्यंत परदेशी जायला कोर्टाची परवानगी मागता येईल का. निकाल लागला की निकालपत्राची प्रमाणित प्रत काढा. साधी झेरॉक्स उपयोगाची नाही. निकाल लागूनही ठाण्याच्या नोंदीत खटला 'प्रलंबित'च राहिलेला असतो. ती प्रत घेऊन ठाण्यात नोंद सुधारून घ्या, त्यानंतर अर्ज करा. उलटा क्रम लावलात तर 500 रुपये आणि अपॉइंटमेंट दोन्ही वाया.

मयेकर
अपोस्टिलचे राहिले. आणि माझा पासपोर्ट ईसीआर (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा) आहे का हे कसे कळणार?

वाड्यावरचा
ईसीआर असेल तर पासपोर्टवर तसे छापलेले असते. काहीच छापलेले नसेल तर नाही. दहावी पास असाल तर बहुधा नाहीच. असेल तर ओमान ही मंजुरी लागणाऱ्या अठरा देशांत येतो, म्हणून सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरची मंजुरी वेगळी लागेल.

ओमान 2012 पासून अपोस्टिल मानतो, तेव्हा दूतावासाच्या शिक्क्यासाठी धावायला नको. अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालय देते, कागद त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फत जातो. सरकारी फी कागदामागे 50 रुपये, एजन्सीचे वेगळे. एजंट दोनेक हजार सांगू लागला तर हिशेब फोडून मागा. आधी कधी दुसऱ्या देशात नोकरी केली असेल तर त्या देशाचा दाखला वेगळा लागू शकतो, तेही कंपनीला आताच विचारा.

पीसीसी फार आधी काढू नका. किती जुनी चालेल ते घेणारा ठरवतो, सहसा सहा महिने धरतात. व्हिसाची तारीख विचारून मागे मोजा.

मयेकर
ऑफर लेटर उघडून बघितले, आडनाव क्यू घालूनच लिहिलेय. आजच कंपनीला मेल करतो. आधारसाठी सोमवारी जातो. देव बरें करूं.