मदत हवी आहे: स्क्रिप्टने स्वतःचे ॲक्सेस टोकन सुरक्षितपणे कसे बदलावे?

नमस्कार.

आमची एक स्क्रिप्ट रोज रात्री गिटलॅब या कोड साठवण्याच्या व्यासपीठाच्या एपीआयवरून (प्रोग्रामसाठीच्या जोडणीवरून) माहिती वाचून अंतर्गत प्रणालीत भरते आणि त्यासाठी एका सहकाऱ्याच्या खात्यातून काढलेले पर्सनल ॲक्सेस टोकन (पासवर्डऐवजी चालणारी गुप्त किल्ली) वापरते. ते खाते बंद झाले की जोडणीही तुटेल हे उघड आहे. पण स्क्रिप्टची प्रत्येक विनंती त्या सहकाऱ्याच्या नावावर नोंदली जाते, हे मला त्याहून अधिक खटकते. म्हणून स्वतंत्र सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामसाठीचे खाते) काढून त्याच्या टोकनला केवळ ‘रीड_एपीआय’ (फक्त वाचणे) आणि ‘सेल्फ_रोटेट’ (स्वतःलाच बदलून घेणे) एवढेच स्कोप, म्हणजे परवानग्या, द्यायचे, इथपर्यंत आमचे ठरले आहे.

खरा प्रश्न मुदतीचा आहे. मे 2023 मधील 16.0 आवृत्तीपासून गिटलॅबने टोकनला मुदत असणे सर्वसाधारणपणे सक्तीचे केले आणि आमच्या टोकनलाही मुदत असेल, त्यामुळे नूतनीकरण टळत नाही. चालू टोकन दाखवून ‘रोटेट’ची, म्हणजे ते बदलून देण्याची, विनंती केली की नवे टोकन उत्तरात मिळते, परंतु जुने त्याच क्षणी रद्द होते. आता समजा, सर्व्हरने नवे टोकन तयार केले आणि ते आमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच जोडणी तुटली, तर आमच्या हाती काहीच उरत नाही. अशा वेळी विनंती पुन्हा पाठवावी ही नेहमीची सवय येथे घातक ठरते, कारण रद्द झालेल्या टोकनने पुन्हा रोटेट करण्याचा प्रयत्न झाल्यास तो चोरीचा संशय मानून त्याच साखळीतील (त्याच्या बदल्यात मिळालेले) चालू टोकनही रद्द केले जाते. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण स्वयंचलित कामाला अडचणीचे.

मला सुचलेला उपाय असा की, एकाच सर्व्हिस अकाउंटवर वेगवेगळ्या मुदतीची दोन टोकन ठेवावीत, एक वापरात असताना दुसरे बदलावे, आणि नव्या टोकनने एक साधी वाचन-विनंती यशस्वी झाल्यावरच स्क्रिप्टला त्याकडे वळवावे. यात दोन गुपिते एकाच वेळी जिवंत राहतात, हा तोटा मान्य आहे. ओऑथ 2.0 या प्रवेश-परवानगीच्या मानकातील क्लायंट क्रेडेन्शियल्स पद्धत (प्रोग्रामने स्वतःच्या ओळखीवर टोकन मिळवणे) अशाच कामांसाठी आहे, हे मला ठाऊक आहे. मात्र तिथेही क्लायंट सीक्रेट (प्रोग्रामचा गुप्त संकेत) कुठेतरी जपावे आणि कधीतरी बदलावे लागतेच.

दोन टोकनांची ही रचना कोणी प्रत्यक्ष चालवत आहे का? नवे टोकन व्हॉल्टमध्ये (गुपिते जपण्याच्या सुरक्षित साठ्यात) लिहिण्यापूर्वीच स्क्रिप्ट बंद पडली, तर ती स्थिती आपण कशी ओळखता, आणि रोटेट करणारी प्रक्रिया माहिती वाचणाऱ्या स्क्रिप्टपासून वेगळी ठेवता का?